समुद्रावर अप्पांचं ताट

बोटीवर चोवीस तास खायला मिळतं, हे कंपनीच्या माणसानं निघायच्या आधी आम्हाला किमान चार वेळा सांगितलं होतं. त्याच बोटीवर माझे वडील दोन दिवस केळ्यांवर राहिले, आणि ते माझ्यामुळं. बाकीचं सगळं मी लोकांना रंगवून सांगतो. अकरा मजले, निळं पाणी, पोहायचा तलाव, संध्याकाळची नाचगाणी. दुकानात टेकायला आलेल्या माणसाला चहाबरोबर हे ऐकावंच लागतं. केळ्यांचं मात्र आजवर फक्त बायकोला सांगितलंय.

माझं उदगीरला खत-बियाणांचं दुकान आहे. ज्यानं कंपनीचा माल चांगला खपवला त्याला कंपनी कुठंतरी फिरवून आणते, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. कधी गोवा, कधी बँकॉक. यंदा एका बियाणं कंपनीनं लातूर आणि नांदेडकडच्या दुकानदारांना समुद्रावर न्यायचं ठरवलं. मुंबईहून बोटीत बसायचं, लक्षद्वीप बघायचं आणि पाचव्या दिवशी परत मुंबईला उतरायचं. तिकीट दोघांचं. मी बायकोचं नाव द्यायला निघालो तर ती म्हणाली, "मला उदगीर-लातूर एसटीत मळमळतंय. बोटीत काय दिवे लावू? अप्पांना न्या."

"अप्पांना? ब्याऐंशीचे हायत ते."

"म्हणूनच म्हणायले. त्यांनी समुद्र बघितला न्हाई अजून."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अप्पा काशीला गेले होते, श्रीशैलला तर कितीदा. पण त्यांचं सगळं आयुष्य देवणीजवळचं शेत आणि उदगीरचं दुकान यांच्यात गेलं, आणि दुकान माझ्या हाती दिल्यावर ते परत शेतातच जाऊन बसले. मी विचारायला गेलो तेव्हा ते गोठ्यात गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते. "मी येऊन काय करू तिथं?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी दोन धोतरं इस्त्रीला दिली. बायकोला ते आधी कळलं, मला नंतर. अशा गोष्टी आमच्या घरात तिलाच आधी कळतात, आणि त्याबद्दल मी तिचे आभार कधी मानले नव्हते. ते इथं मानतो.

अप्पांचे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत. आमचं घर लिंगायत. सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नाहीत. आणि जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओततात, बोटानं कडेकडेनं फिरवतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कणही खरकट्यात जाऊ द्यायचा नाही, म्हणून. आमच्यातली जुनी माणसं असं करतात. लहानपणी मीही करायचो. कॉलेजात गेलो आणि सोडून दिलं. बायको अजून करते. आमच्या पोरांना विचारलं तर ती तोंड वाकडं करतात.

लातूरहून बसनं मुंबईला गेलो. बसमध्ये नांदेडकडच्या लोह्याचा एक दुकानदार होता, माझा धंद्यातला जुना दोस्त, बायकोला घेऊन आलेला. त्याला गप्प बसणं माहीत नाही. "अप्पा," तो म्हणाला, "बोट बुडायली तर कुणाला आधी वाचवायचं, पोराला का मला?" अप्पा म्हणाले, "तुला. तुझी उधारी वसूल व्हायचीय." सगळी बस हसली आणि तिथून पुढं अप्पा सगळ्यांचे झाले.

बंदरावर विमानतळासारखी तपासणी होती. बायकोनं बांधून दिलेल्या भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे यांचं गाठोडं तिथंच काढून घेतलं. बाहेरचं खाणं आत न्यायचं नसतं म्हणाले. गळ्यातली डबी यंत्रात वाजली तेव्हा तपासणारी बाई जरा थांबली. अप्पांनी डबी उघडून दाखवली. तिनं हात लावला नाही, नुसती मान लववली आणि पुढं जाऊ दिलं. मला उगाच तिच्याबद्दल माया वाटली.

बोट म्हणजे आम्ही डोळ्यांपुढं आणली होती तसली बोटच नव्हती. लातूरच्या एखाद्या मोठ्या लॉजसारखं लॉज, तसली चार-पाच एकमेकांवर ठेवलेली, आणि ते सगळं पाण्यावर उभं. आत शिरलो तर पायाखाली गालिचा, आरसे, लिफ्ट, थंडगार हवा. आमची खोली सातव्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक गोल खिडकी, आणि बाथरूम एवढंसं की अप्पा म्हणाले, "ह्याच्यात वळलं की अंघोळ झाली." खोलीत दिवा-उदबत्ती लावायची नाही असं लिहिलं होतं. मी धास्तावलो होतो, पण अप्पांनी ते सहज मान्य केलं. "आगीचं भ्या सगळ्यांलाच असतंय," म्हणाले आणि भस्माची पुडी टेबलावर नीट ठेवली.

निघायच्या आधी सगळ्यांना एका दालनात जमवून, संकट आलं तर काय करायचं ते शिकवलं. केशरी जाकीट कसं घालायचं, शिट्टी कुठं असते, कुठल्या दारानं बाहेर पडायचं. पोरं हसत होती, फोटो काढत होती. आमच्यातला भूकंपाच्या किल्लारीचा एक दुकानदार तेवढा गंभीरपणे ऐकत होता. त्यानं खोलीपासून उघड्या डेकपर्यंतच्या पायऱ्या दोनदा चालून मोजल्या. त्याला कुणी चिडवलं नाही.

मग बोट हलली. कळलंसुद्धा नाही. खिडकीतून मुंबईच्या इमारती हळूहळू सरकायला लागल्या तेव्हा अप्पा म्हणाले, "मुंबई चालली." आम्ही वर गेलो. अकराव्या मजल्यावरच्या उघड्या डेकवर वारा एवढा होता की अप्पांची टोपी मी हातात धरून ठेवली. किनारा दिसेनासा झाला तरी अप्पा तिथून हलले नाहीत. कठड्याला धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "केवढं रान हाय बघ. आणि एकाचंबी बांधावरनं भांडण न्हाई." मला फार बरं वाटलं. बायकोला फोन लावायचा प्रयत्न केला, पण रेंज गेली होती.

इथवर सगळं चांगलं होतं. पुढचं मी बिघडवलं.

पहिल्या संध्याकाळी जेवायला गेलो. जेवणाचा हॉल म्हणजे लग्नाच्या मांडवापेक्षा मोठा. एका बाजूला मांसाहारी, एका बाजूला शाकाहारी, एक कोपरा जैनांचा, मधे नुसत्या गोड पदार्थांची लांबच लांब टेबलं. लोक ताटं भरभरून घेत होते, दोन घास खात होते, ताट तसंच सोडून दुसरं भरून आणत होते. अप्पा हे बघत होते. त्यांनी फुलके, डाळ, भात आणि भेंडीची भाजी एवढंच घेतलं.

शाकाहारी बाजूला वाढायला एक चाळिशीचा माणूस होता. अप्पांच्या कपाळावरचं भस्म बघून त्यानं कानडीत विचारलं, तुम्ही कुठले. तो मंगळूरकडचा निघाला. अप्पांची आई कर्नाटकातली, त्यामुळं अप्पांना कानडी चांगली येते. मला नुसती समजते. अप्पा ताट हातात धरून पाच मिनिटं त्याच्याशी बोलत राहिले आणि मागं रांग तुंबली. मी अप्पांना पुढं घेऊन आलो. तेव्हाही मी थोडा वैतागलोच होतो, हे कबूल करतो.

आम्हाला टेबल मिळालं ते कंपनीच्या पुण्याच्या साहेबांबरोबर. ते, त्यांची बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. साहेबांच्या मेहेरबानीवर माझी पुढच्या हंगामाची एजन्सी अवलंबून होती, म्हणून मी जरा जास्तच गोड बोलत होतो. गप्पा चालल्या होत्या. अप्पांचं जेवण झालं. त्यांनी ग्लासातलं पाणी ताटात ओतलं, बोटानं फिरवलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पाणी पिऊन टाकलं.

मुलगी म्हणाली, "आई, ते आजोबा खरकटं पाणी का पितायत?"

ती काही वाईट बोलली नव्हती. पोर होतं, विचारलं. तिच्या आईनं तिला दटावलं. साहेब हसून दुसरीकडं बघायला लागले. मी तेवढ्यात विषय मिटवायचा होता, किंवा सांगायचं होतं की आमच्यात अन्न टाकत नाहीत बेटा, म्हणून. त्याऐवजी मी म्हणालो, "जुनी माणसं हायत साहेब. खेड्यातली सवय." आणि हसलो. अप्पा माझ्या शेजारीच बसले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "अप्पा, इथं तसलं करू नका. लोक बघायलेत."

"बरं," अप्पा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला कळलं असतं आणि मी दोन दिवस आधी शहाणा झालो असतो. आम्ही खोलीत आलो, त्यांनी गोळ्या घेतल्या, मधुमेहाची एक आणि रक्तदाबाची एक, आणि झोपले.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर होता. कंपनीनं सकाळी नाट्यगृहात आमचा वर्ग घेतला. समुद्राच्या मधोमध बसून सोयाबीनच्या तणनाशकावर दोन तास ऐकणारी आमच्याशिवाय जगात कुणी नसतील. मग दुपारी आणखी एक बैठक, संध्याकाळी बक्षिसं. अप्पा मोकळे होते. मी त्यांना विचारायचो, "अप्पा, नाष्टा झाला?" ते म्हणायचे, "झालं." "जेवलात?" "झालं माझं." आणि मी परत साहेबांच्या मागं.

तो दिवस अप्पांना आवडला, एवढं मला दिसत होतं. ते डेकवर एका खुर्चीवर बसायचे. येणारे-जाणारे त्यांच्याशी बोलायचे. सुरतेची एक नवी जोडी त्यांच्या पाया पडून गेली. पोहायच्या तलावाकडं मात्र त्यांनी पाठ करून खुर्ची घेतली होती. "लेकीबाळी हायत, आपण कशाला बघावं," म्हणाले. दुपारी त्यांना पाण्यातून उडणारे मासे दिसले, तर ते मला शोधत थेट बैठकीच्या दारापर्यंत आले. चिमण्यांएवढे मासे, थवाच्या थवा, पाण्यावरून उडत जातो आणि परत बुडतो. मी बैठक सोडून त्यांच्याबरोबर गेलो. तेवढं एक मी त्या दिवशी बरं केलं. मासे परत दिसले नाहीत, पण आम्ही अर्धा तास कठड्याशी उभे होतो आणि अप्पा हातानं दाखवत होते, इथून निघाले, तिथवर गेले.

त्या वेळी मला त्यांचा हात जरा थरथरताना दिसला होता. वाऱ्यामुळं असेल, असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट लक्षद्वीपला पोचली. बेटापर्यंत बोट जात नाही, लहान होड्यांत उतरून जावं लागतं. अप्पा म्हणाले, "मला ती उडी जमायची न्हाई. तू जा. मी इथनंच बघतो." मी होडीच्या रांगेत उभा होतो, लोह्याच्या दोस्ताबरोबर. तो बायकोला पोहायला शिकवायच्या गोष्टी करत होता आणि ती म्हणत होती, "आधी तुम्ही शिका." तेवढ्यात बोटीवरचा एक कर्मचारी मला शोधत आला. तुमचे वडील डेकवर बसले आहेत, त्यांना बरं वाटत नाही.

मी जिन्यानं पळत गेलो. लिफ्टची वाट बघवली नाही. अप्पा खुर्चीत होते, घामानं भिजलेले, ओठ पांढरे. मंगळूरचा तो वाढपी त्यांच्या पाठीला हात लावून उभा होता. चक्कर येऊन पडायच्या आत त्यानंच त्यांना धरलं होतं. आम्ही त्यांना खाली दवाखान्यात नेलं. बोटीवर दवाखाना असतो हे मला तेव्हा कळलं. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बोटाला सुई टोचून साखर बघितली. खूप उतरली होती. तिनं साखरेचं पाणी करून दिलं आणि विचारलं, सकाळी काय खाल्लंय.

"एक केळ," अप्पा म्हणाले.

"आणि काल?"

"काल दोन सकाळी, दोन दुपारी."

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. तिची नजर अजून मला आठवते. मधुमेहाच्या गोळ्या चालू, आणि पोटात दोन दिवस नुसती केळी. तिनं मला बाजूला घेऊन समजावलं की असं झालं तर माणूस हातचा जातो. ती रागावली नाही, हळू आवाजात बोलली. त्यामुळं मला जास्त लागलं.

मला काही समजेना. बाहेर आलो तर तो मंगळूरचा माणूस तिथंच उभा होता, अजून गेला नव्हता. त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. अप्पा प्रत्येक जेवणाला हॉलमध्ये यायचे. तो कानडीत विचारायचा, ऊट आयता, म्हणजे जेवण झालं का. अप्पा म्हणायचे, आयतु, झालं. पण ताटांच्या ढिगाजवळ जायचे आणि ताट न उचलता परत यायचे. फळांच्या टोपलीतली केळी घ्यायचे, सोलून खायचे, साल हातात धरून कचऱ्याच्या डब्यात टाकून यायचे. आदल्या दुपारपासून तो त्यांच्यासाठी चांगली, पिकलेली केळी बाजूला काढून ठेवायला लागला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यांचा उपास असेल, लिंगायतांचा काही वार असेल. सकाळी डेकवर त्यांना झोकांडी जाताना बघितलं तेव्हा तो तिथला चहाचा काउंटर सोडून धावला. आणि जाता जाता तो म्हणाला, पहिल्या दिवशी भांडी धुणाऱ्यांकडं अप्पांचं ताट गेलं, तेव्हा त्यांनी त्याला बोलावून दाखवलं होतं. एवढ्या हजारो ताटांत असं लख्ख ताट त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

त्याचं मी काय देणं लागतो हे मला सांगता येणार नाही. मी खिशात हात घातला तर त्यानं माझा हात धरून ठेवला आणि मान हलवली. मुंबईला उतरताना मी त्याला शोधायला गेलो, पण त्याची पाळी बदलली होती. माणूस आयुष्यात कुणाकुणाच्या उपकारात असतो, त्याचं तोंडसुद्धा परत दिसत नाही.

मी आत गेलो. अप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. साखरेचं पाणी पिऊन झालं होतं, ग्लासाच्या तळाशी थोडी साखर राहिली होती. शेजारी पाण्याची बाटली होती. त्यांनी बाटलीकडं हात नेला, मग थांबले, आणि माझ्याकडं बघितलं. विचारल्यासारखं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं आपल्या पोराकडं असं बघितलं, आणि हात परत घेतला.

तेव्हा मला कळायला लागलं.

दुपारपर्यंत डॉक्टरिणीनं त्यांना सोडलं. आता पोटभर जेवू घाला, म्हणाली. बहुतेक लोक बेटावर गेले होते, त्यामुळं हॉल रिकामा होता. खिडकीजवळचं टेबल बघून मी अप्पांना बसवलं आणि दोन रिकामी ताटं घेऊन आलो. एक त्यांच्यापुढं ठेवलं.

"ताट नगं," ते म्हणाले. "केळ आण एक."

"अप्पा, डॉक्टरनं काय सांगितलं ऐकलं ना?"

"मग हातावर दे फुलका. ताट कशाला?"

"असं कसं हातावर?"

ते मला समजावून सांगायला लागले, दुकानात गिऱ्हाइकाला खताचं प्रमाण समजावतात तसं, शांतपणे. "हे बघ. ताट घेतलं की ते धुऊन प्यावं लागतं. न्हाई पिलं तर अन्न टाकल्यावाणी होतंय. तू म्हणलास, इथं करू नका. तुझे लोक हायत, तुझा धंदा हाय, तुझंबी बरोबर हाय. म्हणून ताटच घ्यायचं न्हाई असं ठरिवलं. केळाला ताट लागत न्हाई."

मी आधी चिडलोच. दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी चिडतो, हा माझा स्वभाव. "मग मला सांगायचं न्हाई का? उपाशी राहून जीव गेला असता म्हणजे? मी काय तोंड दाखवलं असतं घरी?" मी कुणाला रागावतोय हे मला ऐकू येत होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला साहेब आणि त्यांची बायको बसली होती, ते बेटावर गेले नव्हते. त्यांनी आमच्याकडं बघितलं. बघू दे म्हटलं.

"अप्पा, तुम्ही ताट धुवा," मी म्हणालो. "मी चुकलो. मी तसं म्हणायला नको होतं. साहेबांपुढंबी नको होतं आणि लिफ्टमधीबी नको होतं."

आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. चुकलं तर दुसऱ्या दिवशी चहा विचारायचा, म्हणजे मिटलं, अशी आमची पद्धत. बापाला तर मी सत्तावन्न वर्षांत कधी असं म्हणालो नव्हतो. म्हणून झाल्यावर कुठं बघावं ते कळेना.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पाणी हिरवं होतं, लांबवर माडांची एक रेघ. तिकडं बघतच ते बोलले.

"मी हैदराबादला शिकायला होतो, ठावं हाय ना तुला?"

"हाव."

"माझा बाप आला होता भेटायला. मेसमधी माझ्या दोस्तांसंगं जेवायला बसला. जेवला, ताट धुतलं, पिला. पोरं हसली. मी त्यास्नी बाहेर नेलं आणि म्हणलो, अप्पा, इथं असलं करू नका."

माझ्या आज्जांना मी बघितलेलं नाही. माझ्या जन्माच्या आधीच ते गेले. त्यांच्याबद्दल अप्पा घरात फारसं बोलत नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. न्हाई केलं. हैदराबादला न्हाई, घरी आल्यावर न्हाई. त्याच्या पुढं तीन वर्षं होते ते. एकदाबी ताट धुतलं न्हाई त्यांनी. जेवून झालं की ताट तसंच सरकवायचे, आई उचलून न्यायची. मी सुट्टीला आलो की समोर बसलेला असायचो."

मला वाटत होतं, अप्पा लहानपणापासून ताट धुतात. तसं मी विचारलं.

"न्हाई. मी कुठला धुवायलो? मी शिकलेला होतो," ते म्हणाले. "ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धुवायलो."

मंगळूरचा वाढपी लांबूनच आमच्याकडं बघत होता, जवळ येत नव्हता. अप्पांनी त्याला हातानं थांब म्हणून खुणावलं.

"तीन वर्षं वाटायचं, म्हणावं. अप्पा, ताट धुवा. केवढं म्हणायचं असतंय? समोर बसलं की तोंडातनं निघायचं न्हाई. आज म्हणू, उद्या म्हणू. मग ते गेलेच." त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तू तिसऱ्या दिवशी म्हणलास."

माझे डोळे भरून आले. साहेब बघत होते आणि मी ते पुसले नाहीत. अप्पांनी टेबलावरचं रिकामं ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"जा," ते म्हणाले. "भात आण. दोन दिवस झाले, लई भूक लागलीय."